वाचक विचारतात: गोष्ट वाढवली की नुसती लांबवली?

या वेळच्या प्रश्नांपैकी बहुतेक सगळे एकाच गेमबद्दल आहेत, फायनल फँटसी सेव्हनचा रिमेक, म्हणून म्हटलं अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकू. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ गेम स्क्वेअर कंपनीचा, 1997 चा, प्लेस्टेशनवर तीन सीडींमध्ये आलेला. 2015 मध्ये रिमेकची घोषणा झाली, पहिला भाग एप्रिल 2020 मध्ये आला आणि तो फक्त मिडगार या एका शहरापुरता आहे, मग फेब्रुवारी 2024 मध्ये रीबर्थ हा दुसरा भाग आला. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, जुन्या गेमचेही आणि नव्याचेही, तेव्हा ज्यांना पाटी कोरी ठेवून खेळायचंय त्यांनी हे आधी खेळून घ्या आणि मग वाचा.

प्रश्न: ताई, कॉलेजात असताना मी ओरिजिनल गेम अगदी जीव लावून खेळलेलो. तेव्हा मिडगारमधून बाहेर पडायला पाच-सहा तास लागायचे, रिमेकमध्ये तेवढ्याच गोष्टीचे पस्तीस-चाळीस तास केलेत. मी सहाव्या चॅप्टरमध्ये कंटाळून सोडून दिला. मित्र म्हणतात तुझा पेशन्स संपलाय. खरंच माझंच काही चुकतंय का?

उत्तर: नाही हो, तुमच्या पेशन्सला काही झालेलं नाही, तुम्ही सोडलात ती जागाच तशी आहे. सहाव्या चॅप्टरमध्ये काय होतं बघा. नायक क्लाऊड आणि त्याचे साथीदार टिफा आणि बॅरेट शहराला वीज देणारा दुसरा रिअ‍ॅक्टर उडवायला निघालेत, ट्रेनमधून उड्या मारून झाल्यात, बोगदा पार झालाय, आणि आता वरचं शहर ज्यावर उभं आहे त्या प्लेटच्या पोटातून लोखंडी जिन्यांवरून चालायचंय. खालच्या वस्तीवर कृत्रिम ऊन पाडणारे मोठाले दिवे आहेत ते एकेक करून बंद करायचे म्हणजे ती वीज लिफ्टला मिळणार. कल्पना म्हणून सुरेख आहे, आपलं काम व्हावं म्हणून आपण खालच्या माणसांचा उजेड काढून घेतोय, यावर एक जबरदस्त सीन होऊ शकला असता. पण गेम तिथे थांबतच नाही, तो तुम्हाला शिडी, स्विच, चार शत्रू, परत शिडी यातच फिरवत राहतो. चॅप्टर सुरू होताना डोक्यात जो प्रश्न होता, की हे रिअ‍ॅक्टरपर्यंत पोचतील का, तोच चॅप्टर संपताना तसाच्या तसा उरतो, मधल्या वेळात तो ना वाढला, ना त्याला दुसरा एखादा प्रश्न येऊन चिकटला. कंटाळा येतो तो याचा.

आता याच गेमचा दुसरा चॅप्टर आठवा. ओरिजिनलमध्ये पहिला रिअ‍ॅक्टर उडाला की क्लाऊड रस्त्यावर येतो, फुलं विकणारी एरिथ भेटते, हवं तर एक गिल (गेममधलं नाणं) देऊन फूल घ्यायचं, मग शिपाई येतात, क्लाऊड चालत्या ट्रेनवर उडी मारतो, सगळं मिळून काही मिनिटांचं काम. रिमेकने त्या काही मिनिटांचा अख्खा चॅप्टर केलाय आणि तरी तो मला कुठेही लांबल्यासारखा वाटला नाही. कारण रस्ता तोच असला तरी आता तो पेटलाय, काचांचा खच पडलाय, माणसं आपल्या माणसांना हाका मारत फिरतायत, कुणी जखमी होऊन भिंतीला टेकून बसलंय, आणि या सगळ्यातून चालत कोण जातंय तर तुम्ही, आत्ताच बॉम्ब लावून आलेले. तिकडे जेसी, जिने तो बॉम्ब बनवला, तिला उमगत नाही की स्फोट एवढा मोठा झालाच कसा. म्हणजे बघा, पहिल्या चॅप्टरमध्ये प्रश्न होता हे सुटतील का, दुसऱ्यात तो झाला यांनी केलं ते बरोबर होतं का. प्रश्न मोठा झाला की त्यासाठी लागणारा वेळ जाणवतच नाही, उलट जास्त वेळ मिळावा असं वाटतं.

(एक खटकतंच, ते इथेच सांगून टाकते. स्फोट मुद्दाम वाढवला तो शिन्रा कंपनीने, स्वतःचाच रिअ‍ॅक्टर स्वतःच उडवला, हे रिमेक आपल्याला आधीच दाखवून टाकतो. पात्रांना पत्ता नाही, आपल्याला आहे, त्यामुळे त्या जळत्या रस्त्यावरचं अर्धं ओझं आपल्या खांद्यावरून आपोआप उतरतं. ते उतरवायला नको होतं. जेसीला जे सलतंय ते आपल्यालाही तितकंच सलायला हवं होतं.)

तुमचा मूळ मुद्दा मात्र राहतोच, एवढं वाढवायचं कशाला. काही अंशी इलाज नव्हता. 1997 मध्ये एक रंगवलेलं स्थिर चित्र म्हणजे एक जागा, त्यावर छोटीशी बाहुली पळणार, पुढच्या दारातून गेलं की पुढचं चित्र, मधला रस्ता आपण मनाने भरून काढायचो. आताच्या ग्राफिक्समध्ये मधला रस्ता खरोखर बांधावा लागतो, आणि बांधला की त्यावर चालायला लावावं लागतं. फटींमधून अंग चोरून हळूहळू सरकायचं तेही त्यातलंच, मागे पुढचा भाग लोड होत असतो. पण सगळंच त्यावर ढकलता येणार नाही, बराचसा भाग खरंच पाणी घालून वाढवलाय, आणि सतराव्या चॅप्टरमधलं होजो या शिन्राच्या शास्त्रज्ञाचं ड्रम हा त्याचा सगळ्यात वाईट नमुना. एरिथला सोडवायला शिन्रा टॉवर चढलो, ती सोळाव्यात भेटलीसुद्धा, म्हणजे ज्यासाठी आलो ते काम झालं, आणि आता लॅबमध्ये दोन टीम करून दारं उघडत बसायचं.

माझं ऐकाल तर सहावा कसाबसा उरकून टाका. आठव्यात चर्चमध्ये एरिथ भेटते आणि तिथून नवव्याच्या शेवटापर्यंत हा गेम काय करू शकतो ते दिसतं. वॉल मार्केट तर बघाच. जुन्या गेममध्ये ज्या हेल हाउसशी आपण जाता जाता लढून विसरून जायचो, त्या चालत्याबोलत्या घराची रिमेकने कोर्नियो या गुंडाच्या आखाड्यात अशी बॉस फाइट केलीय की हसूही येतं आणि घामही फुटतो.

प्रश्न: मी डायलॉग वाचून झाले की लगेच पुढे ढकलतो, बायको म्हणते आवाज पूर्ण ऐकायला हवा नाहीतर मजा काय. कोणाचं बरोबर?

उत्तर: सवय तुमची जुन्या गेमची आहे आणि जुन्या गेमसाठी ती बरोबरच होती. तेव्हा आवाज नव्हता, निळ्या चौकटीत अक्षरं यायची आणि बटण तुमच्या हातात, म्हणजे सीन किती वेगाने जाणार हे बऱ्याच अंशी खेळणारा ठरवायचा. कुणी "..." वर दोन सेकंद थांबायचं, कुणी तसंच पुढे जायचं. आवाज आला की तो ताबा ऍक्टरकडे गेला. आता दोन वाक्यांमधली शांतता, क्लाऊडचं ते "हं", बॅरेटचं अर्ध्यात तोडून ओरडणं, हे सगळं मोजूनमापून बसवलेलं असतं, तुम्ही ढकललंत की अर्धा सीन गेला. तेव्हा वहिनींचं बरोबर.

फक्त एक आहे, चालता चालता बोलण्याचे जे सीन आहेत, जिथे गेम तुमचा वेगच कमी करून टाकतो, ते मलाही जड जातात, बोलणं चांगलं असलं तरी हातातलं बटण निर्जीव झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा वस्तीतून जाताना आजूबाजूच्या लोकांचं जे बोलणं कानावर पडतं आणि स्क्रीनच्या कडेला छोट्या अक्षरांत दिसतं ना, तिथे थांबत जा. रिअ‍ॅक्टर उडाल्यावर लोक काय बोलतात, बातम्यांवर कितपत विश्वास ठेवतात, कोण अ‍ॅव्हलांचला, म्हणजे क्लाऊडच्या बॉम्ब लावणाऱ्या गटाला, शिव्या घालतंय, पोट भरायची चिंता कुणाला आहे. कथा पुढे सरकत असते आणि तुम्हाला कुणी अडवलेलंही नसतं, या गेममधलं सगळ्यात हुशार पेसिंग, म्हणजे गोष्टीचा वेग सांभाळणं, मला तिथे दिसतं.

प्रश्न: खलनायक सेफिरॉथला दुसऱ्याच चॅप्टरमध्ये दाखवून टाकलंय! ओरिजिनलमध्ये किती वेळ नुसतं नाव ऐकत होतो. सस्पेन्स घालवला असं नाही वाटत?

उत्तर: वाटतं. जुन्या गेममध्ये तो कसा येतो बघा. आधी नुसतं नाव, कुणीतरी थोर योद्धा होता म्हणे. मग शिन्रा टॉवरमध्ये आपण कोठडीत, जाग येते तर दार उघडं, बाहेर पहारेकरी मरून पडलेला, जमिनीवर रक्ताचा माग, तो धरून वर जायचं तर कंपनीचा प्रेसिडेंट टेबलावर पालथा आणि पाठीत लांबलचक तलवार. माणूस अजून दिसलेलाच नाही. मिडगार सोडून काल्म गावात पोचलो की क्लाऊड जुनी हकिगत सांगायला बसतो तेव्हा कुठे सेफिरॉथ नीट दिसतो, तोही भूतकाळातला, आणि सोबत लढणारा. नंतर दलदलीशी एक भलामोठा साप झाडाच्या सुळक्यात आरपार घुसवून टांगलेला दिसतो, ज्या सापापुढे आपला निभाव लागत नव्हता त्याच जातीचा. हे कुणी केलं ते सांगावं लागत नाही. गेमने त्याला न दाखवता मोठा केला.

रिमेकमध्ये तो आगीच्या ज्वाळांत उभा राहतो आणि बोलायला लागतो. ज्यांना तो माहीत आहे त्यांच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला, पण तो काटा 1997 च्या आठवणीचा आहे, या सीनने तो कमावलेला नाही. जो पहिल्यांदाच खेळतोय त्याला एक लांब केसांचा देखणा माणूस दिसतो आणि क्लाऊडचं डोकं का दुखतंय ते कळत नाही. बनवणाऱ्यांची अडचणही समजते, चेहरा एवढा प्रसिद्ध झालाय की लपवून ठेवण्यात फारसा अर्थ उरला नव्हता, आणि पहिला भाग मिडगारलाच संपणार तर शेवटी कुणाशी लढायचं हाही प्रश्न होताच. तरी मला वाटतं की तलवार आणि रक्ताचा माग यांच्यावर अजून थोडा भरवसा टाकायला हवा होता.

प्रश्न: चौदाव्या चॅप्टरमध्ये एरिथला पळवून नेलंय आणि गेम मला म्हणतो वस्तीतली कामं कर. मला अशा साइड क्वेस्ट न करता पुढे जाववत नाही, पण करताना अपराधी वाटतं. करू की नको?

उत्तर: तुम्हाला अपराधी वाटतं याचा अर्थ गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीय, आणि तिथे गेम स्वतःच्याच विरुद्ध वागतोय. तिसऱ्या चॅप्टरमध्ये हीच कामं किती चपखल बसतात. क्लाऊड नवखा, पैशासाठी काम करणारा, कुणाशी नीट बोलत नाही, आणि टिफा त्याला घेऊन घरोघरी पाण्याचे फिल्टर बदलायला जाते, कुणाची मांजरं हरवलीत, कुठे शत्रू शिरलेत. कामं किरकोळ आहेत पण त्यांच्यामुळे सेक्टर सात ही माणसांची वस्ती होते, दुकानदार ओळखीचा होतो, पोरं नावाने हाक मारतात. मग बाराव्यात त्या वस्तीवर प्लेट कोसळते तेव्हा आपण मनातल्या मनात एकेक चेहरा आठवत राहतो, तो वाचला असेल का, ती मांजरवाली मुलगी कुठे असेल. तिसऱ्यात घातलेला वेळ बाराव्यात वसूल होतो.

चौदाव्यात नेमकं उलटं झालंय. वसूल व्हायचं ते होऊन गेलंय, टिफाचं घर ढिगाऱ्याखाली आहे, एरिथ शिन्राच्या ताब्यात आहे, सगळी पात्रं घाई करा म्हणतायत आणि नकाशावर सगळीकडे खुणा. वर मुख्य कथेतही परत एकदा गटारात उतरायचं, एक छोटासा प्राणी कोर्नियोचा माणूस लेस्ली याची वस्तू पळवतो त्याच्यामागे धावायचं. लेस्लीची बाजू तशी वाईट नाही, स्वतःचं माणूस हरवलेला तोही आहे आणि गप्प गप्प असतो. पण जुन्या गेममध्ये या जागी आपण बॅटऱ्या विकत घ्यायचो आणि लोंबणारी तार धरून वर चढायला लागायचो, बास, त्या घाईत राग होता. रिमेकने राग थंड होऊ दिला.

तुमच्यासाठी सोपा उपाय, आत्ता सरळ वर जा. गेम संपला की चॅप्टर सिलेक्ट उघडतं, कुठल्याही चॅप्टरला परत जाऊन राहिलेली कामं करता येतात, मग तेव्हा करा निवांत.

प्रश्न: विस्पर्स म्हणजे ती राखाडी भुतं. माझ्या मते त्यांनी सगळ्या गेमची वाट लावली. रिमेक म्हणून विकायचं आणि शेवटी गोष्टच बदलायची, ही फसवणूक नाही का? तुम्ही याचं समर्थन करू नका प्लीज.

उत्तर: अर्धं करणार आहे, रागावू नका, आधी ऐकून घ्या.

माहीत असलेली गोष्ट परत सांगायची म्हटली की एक अडचण येतेच, "पुढे काय होणार" हा प्रश्न मेलेला असतो. आणि या गेमची गोष्ट तर न खेळलेल्यांनाही माहीत, एरिथ मरते हे लोकांना गेम हातात घेण्याआधीच कळलेलं असतं. मग चाळीस तास उत्सुकता कशावर टिकवणार? रिमेकने त्याचं उत्तर विस्पर्समध्ये शोधलं. ती भुतं करतात काय तर जुनी स्क्रिप्ट सांभाळतात. बॅरेट क्लाऊडला दुसऱ्या मोहिमेवर नेणारच नसतो, तर ती सेक्टर सातवर तुटून पडतात, जेसीचा पाय दुखावतो आणि क्लाऊडला जावंच लागतं. होजो क्लाऊडबद्दलचं एक सत्य सांगायला तोंड उघडतो, जे इतक्या लवकर कळायला नको, तर ती त्याला उचलून घेऊन जातात. सेफिरॉथ बॅरेटला भोसकतो, जुन्या गोष्टीत बॅरेट मरत नाही, तर ती त्याला परत जिवंत करतात. म्हणजे मेलेल्या प्रश्नाच्या जागी नवा प्रश्न येतो, तसंच होईल का? जेसीला ओळखायला लागल्यावर हा प्रश्न मला सतत छळत होता. जुन्या गेममध्ये तिच्या वाट्याला मोजकी वाक्यं होती, इथे चौथ्या चॅप्टरमध्ये ती सगळ्यांना मोटरसायकलवरून वरच्या प्लेटवर आईवडिलांच्या घरी नेते, आई पिझ्झा करून वाढते, आणि क्लाऊडला कळतं की आतल्या खोलीत वडील माको या रिअ‍ॅक्टरमधल्या ऊर्जेच्या विषबाधेने निपचित पडलेत. ती बॉम्ब का बनवते हे तेव्हा कळतं, कुणी भाषण देत नाही. यानंतर प्रत्येक सीनला वाटत राहतं की या वेळी तरी हिला वाचवा. माहीत असलेल्या गोष्टीत अशी आशा पेरणं सोपं नाही हो, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता तुमच्या बाजूचं. अठराव्या चॅप्टरमध्ये हायवेवरून सुटका झाली की गेम स्वतःचं भांडण अर्धवट टाकून देतो. एवढा वेळ आपण कुणाशी लढत होतो, तर एका कंपनीशी, जिने आपल्याच वस्तीवर प्लेट पाडली, माणसं चिरडली. हे भांडण ठोस आहे, त्याला चेहरे आहेत, पत्ता आहे. आणि अचानक समोर नशीबच राक्षस होऊन उभं राहतं, इमारती हवेत उडतायत, मोठ्या विस्परशी लढा, मग सेफिरॉथशी लढा. मधेच भविष्याची दृश्यं चमकून जातात, सोबतचा रेड थर्टीन हा प्राणी डोंगरावर धावतोय वगैरे, जुन्यांना ओळखू येतं, नव्यांच्या हाती काहीच लागत नाही. वेगाच्या दृष्टीने बघा, दोन तास सलग सगळ्यात वरच्या पट्टीत आवाज, श्वास घ्यायला जागा नाही. आणि जुन्या गेममध्ये इथे काय होतं? मोटरसायकलचा पाठलाग संपतो, सगळे तुटलेल्या रस्त्याच्या टोकाशी येतात, निरोप होतो, तार धरून खाली उतरतात, आणि मग मोकळा हिरवा नकाशा, वेगळं संगीत, तेव्हा कळतं की इतका वेळ ज्याला आपण अख्खा गेम समजत होतो ते जगाच्या एका कोपऱ्यातलं शहर होतं. या क्षणाला आवाज करावा लागला नव्हता.

फसवणूक म्हणाल तर मला तसं वाटत नाही, हे काहीतरी वेगळं आहे अशी खूण तर दुसऱ्याच चॅप्टरमध्ये दिलेली आहे, एरिथभोवती ती भुतं घिरट्या घालत असतात. कल्पना माझ्या मते योग्यच आहे. पण तिला लढाई करून संपवायला नको होतं, जेसीच्या पायाला जशी ती लागली तशीच शेवटपर्यंत लहान लहान जागी लागत राहिली असती तर जास्त बोचली असती.

प्रश्न: रीबर्थ घेतलाय. चॅडली फोन करून करून वेड लावतो! टॉवर लावा, शिकार करा, अमुक शोधा. स्टोरी कुठे गेली तेच आठवत नाही.

उत्तर: रीबर्थचा आजार पहिल्या भागापेक्षा वेगळा आहे. तिथे अरुंद रस्ता लांबवला होता, इथे मैदान एवढं मोठं दिलंय की गोष्टच हरवते. प्रत्येक प्रदेशात तोच क्रम, टॉवर चालू करा की नकाशावर ठिपके, ठिपक्यावर पोचलं की चॅडली बोलणार, आणि तुम्ही स्वतः काही शोधलं असं समाधान मिळायच्या आत तो तुम्हाला काय सापडलं ते सांगून मोकळा होतो. त्याचा राग येणं साहजिक आहे.

माझी पद्धत सांगते, नवीन प्रदेश उघडला की आधी त्या भागातली मुख्य कथा जिथे आपोआप सैल होते तिथवर जा, म्हणजे पात्रंच जेव्हा आता जरा फिरू या म्हणतात तिथे, आणि मगच ठिपक्यांकडे वळा, तेही सगळे करायचा हट्ट धरू नका. क्वीन्स ब्लड हा पत्त्यांचा खेळ मात्र सोडू नका, तो मधे मधे खेळायला फार छान आहे. आणि क्लाऊडच्या गावच्या, निबलहाइमच्या, सुरुवातीच्या हकिगतीकडे नीट लक्ष द्या. पहिल्याच चॅप्टरमध्ये, कुठलंही मैदान मोकळं करण्याआधी, ती अख्खी सलग सांगितलीय, सेफिरॉथ हळूहळू बदलत जातो ते एका पाठोपाठ एक दिसतं, वाचनालयात दिवसेंदिवस पुस्तकं वाचत बसलेला, मग बोलण्यातला तुटकपणा, मग आग. पहिल्या भागाने त्याला घाईघाईने दाखवून जे गमावलं होतं त्यातलं बरंच इथे भरून काढलंय.

प्रश्न: असा एखादा रोल प्लेइंग रिमेक आहे का ज्यात पेसिंग बिघडलेलंच नाही?

उत्तर: ड्रॅगन क्वेस्ट सेव्हन घ्या. ओरिजिनल 2000 चा, त्यात पहिली लढाई यायलाच काही तास लागायचे, नुसतं बेटावर फिरा, माणसांशी बोला, कोडी सोडवा, त्यावरून तो बदनामही होता. 2013 मध्ये थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर जो रिमेक आला त्यात सुरुवात बरीच छाटली. रिमेक म्हणजे भर घालायचीच असं सगळे धरून चालतात, इथे कापून सुधारलंय. काहीजण म्हणतात त्या संथपणातच बेटावरच्या शांत आयुष्याची गोडी होती, त्यात तथ्य आहे, पण लढाई येईपर्यंत माणूस टिकलाच नाही तर गोडी चाखणार कोण.

लाइव्ह अ लाइव्ह, 1994 चा, 2022 मध्ये परत केला. वेगवेगळ्या काळातल्या सात छोट्या गोष्टी हव्या त्या क्रमाने खेळायच्या, प्रत्येकीची लांबी वेगळी, काही तर पटकन संपतात, आणि रिमेकने चित्रं-आवाज बदलले पण ती लांबी फुगवली नाही. आणि पर्सोना थ्री रीलोड, मूळ 2006 चा, रीलोड 2024 चा. त्याला एक मोठा फायदा आहे, गोष्टीतच कॅलेंडर आहे. रोज शाळा, संध्याकाळ, रात्र, आणि पौर्णिमा आली की संकट, त्यामुळे तुम्ही टिवल्याबावल्या करत असलात तरी तारीख पुढे जातच असते, मागे घड्याळ टिकटिकतं. रीलोडने जी भर घातली ती बरीचशी संध्याकाळी सोबत राहणाऱ्या मुलामुलींबरोबर घालवायच्या वेळेची, म्हणजे माणसांचीच. टार्टारस या बुरुजाचे मजल्यावर मजले मात्र आजही कंटाळवाणे आहेत, ते मी लपवणार नाही.

प्रश्न: नोकरी, लहान बाळ, रात्री जेमतेम तासभर मिळतो. फायनल फँटसीचा रिमेक असा तुकड्यातुकड्यात खेळला तर मजा जाईल का?

उत्तर: जाणार नाही, उलट अठरा चॅप्टर असल्यामुळे हा त्यासाठी सोयीचा आहे. सेव्ह जवळपास कुठेही होतं. कटसीन, म्हणजे नुसता बघायचा सीन, चालू असताना बाळ रडलं तर पॉज करता येतो, घाबरून स्किप करू नका. लढाईत वेळ जात असेल तर क्लासिक मोड लावा, त्यात हालचाल आणि साधे वार पात्रं आपापली करतात आणि तुम्ही फक्त कमांड द्यायच्या. दिव्यांचा सहावा आणि ड्रमचा सतरावा हे तुकड्यात खेळलेलेच बरे, थकलेल्या रात्री तेवढंच काढा. शिन्रा टॉवरला लिफ्ट की जिना असं विचारतील तेव्हा तासभर हातात असेल तरच जिना घ्या, 59 मजले आहेत, पण चढताना बॅरेटची जी कुरकुर चालते ती ऐकण्यासारखी आहे. बारावा चॅप्टर मात्र मधे तोडू नका, खांब चढताना एकेक करून वेज, बिग्ज, जेसी भेटत जातात, त्या रात्री बाळाला घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि एका बैठकीत संपवा.